एकही पॉइंट न काढता वर्ल्ड चॅम्पियन: मोनिका दे जेन्नारो आणि लिबेरो नावाची भानगड

पॅरिस ऑलिम्पिकची बायकांची व्हॉलीबॉल फायनल, 11 ऑगस्ट 2024, रविवार होता, आपल्याकडे दुपारचे साडेचार वाजलेले. मी टीव्हीसमोर आणि आई शेजारी शेंगा सोलत बसलेली, तिला व्हॉलीबॉलमधलं ओ की ठो कळत नाही पण समोर चालू असलं की बघते. इटली विरुद्ध अमेरिका. पाच मिनिटं झाली असतील, आई म्हणाली, "अरे ती एकटीच वेगळ्या रंगाचा शर्ट घालून का आलीय? टीमचा मिळाला नाही का तिला?"

म्हटलं, ती लिबेरो आहे.

"म्हणजे काय करते?"

आता हे सांगायला गेलो आणि माझ्याच लक्षात आलं की मी नुसतं ती काय करत नाही तेच सांगतोय. सर्व्हिस करत नाही. स्मॅश मारत नाही. ब्लॉकला जात नाही. पुढच्या लाइनीत खेळत नाही. आईने शेंग हातातच धरली आणि म्हणाली, "मग ठेवलीय कशाला तिला?"

प्रश्न रास्त आहे. मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं, तेवढ्यात मॅच संपली पण, इटलीने सरळ तीन सेटमध्ये उडवलं, 25-18, 25-20, 25-17. इटलीचं व्हॉलीबॉलमधलं हे पहिलं ऑलिम्पिक गोल्ड, आणि पहिलं म्हणजे पुरुष-बायका दोन्ही धरून पहिलं, इतकी वर्षं त्यांचे पुरुष गोल्डच्या दारातून परत येत होते. आणि त्या वेगळ्या शर्टवालीला स्पर्धेची बेस्ट लिबेरो म्हणून निवडलं. तेव्हा 37 वर्षांची होती ती. मोनिका दे जेन्नारो, इटलीत सगळे मोकी म्हणतात.

तर आईला तेव्हा नीट सांगता आलं नाही ते आता इथे सांगतो. बाई समजून घ्यायची तर आधी तिची जागा समजून घ्यावी लागते, त्यामुळे थोडं नियमांचं ऐकून घ्या, लवकर आटपतो.

व्हॉलीबॉलचं कोर्ट 18 बाय 9 मीटर, मधे नेट, म्हणजे प्रत्येक टीमला 9 बाय 9 चा चौकोन आणि त्यात सहा जणी, तीन पुढे तीन मागे. आपल्या हातात सर्व्हिस आली की सगळ्यांनी घड्याळाच्या काट्यासारखं एक घर सरकायचं. त्यामुळे होतं काय की प्रत्येकीला कधी ना कधी पुढे यावं लागतं आणि कधी ना कधी मागे जावं लागतं. आता टीममधे ज्या मिडल ब्लॉकर असतात, नेटच्या मधोमध उभ्या राहून भिंत घालणाऱ्या, त्या साधारण सहा फुटांच्या वर असतात आणि त्यांचं सगळं काम वर हवेत असतं. त्यांना मागे नेऊन सांगितलं की बाई आता वाकून जमिनीपासून चार बोटं वर आलेला बॉल उचल, तर अवघडच आहे, उंटाला शेळीसारखं चरायला लावल्यासारखं. आणि समोरच्या टीमला हे माहीत असतंच, ते बरोबर तिच्याच अंगावर सर्व्हिस टाकणार.

1998 साली आंतरराष्ट्रीय खेळात नियम आला की टीमला एक खेळाडू अशी ठेवता येईल जी फक्त मागेच खेळेल आणि मागच्या कुठल्याही खेळाडूच्या जागी कितीही वेळा येऊ-जाऊ शकेल. नाहीतर बदली खेळाडूंना मर्यादा आहे, एका सेटमधे सहाच. लिबेरोची ये-जा त्या सहात मोजतच नाहीत. रेफ्रीला विचारायचं नाही, बोर्ड दाखवायचा नाही, साइड लाइनवरून आत, साइड लाइनवरून बाहेर, फक्त दोन बदलांच्या मधे एक रॅली, म्हणजे सर्व्हिसपासून पॉइंटपर्यंतचा खेळ, खेळून झालेली पाहिजे. इतकी ये-जा चालू असते म्हणूनच शर्टाचा रंग वेगळा, म्हणजे रेफ्रीला आणि समोरच्यांना लांबून कळावं की ही बया आत आहे का बाहेर. आई, हे तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर.

लिबेरो हा शब्दच इटालियन आहे, अर्थ मोकळा, स्वतंत्र. फुटबॉलमधे पूर्वी इटालियन टीम एक डिफेंडर असा ठेवायच्या ज्याला कोणाला मार्क करायचं नसायचं, तो सगळ्यांच्या मागे मोकळा फिरायचा, त्याला लिबेरो म्हणायचे, तोच शब्द इकडे आला. गंमत म्हणजे नावाला मोकळी पण सगळ्यात जास्त बंधनं हिलाच. बॉल नेटच्या वरच्या कडेपेक्षा पूर्ण वर असताना मारून पलीकडे पाठवायचा नाही, कोर्टाच्या कुठल्याही कोपऱ्यातून नाही. ब्लॉकचा नुसता प्रयत्न पण नाही. आणि सगळ्यात किचकट नियम असा की नेटपासून तीन मीटरवरच्या लाइनीच्या पुढे येऊन तिने बोटांनी वरून बॉल उचलून दिला, तर तो बॉल तिच्या मैत्रिणीला नेटच्या वरून मारता येत नाही. लाइनीच्या मागून दिला तर चालतो. म्हणून तुम्ही बघा, कधी कधी लिबेरो लाइनीच्या मागून उडी मारते, हवेत पुढे येते आणि हवेतच बॉल देऊन मोकळी होते. पाय जमिनीवरून उचलले तिथला हिशोब. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं उगाच स्टाइल मारतेय.

एका टीमला दोन मिडल ब्लॉकर असतात, सरकत्या क्रमात एकमेकींच्या बरोबर समोरच्या घरात, म्हणजे एक पुढे असली की दुसरी मागे. लिबेरो आलटून पालटून दोघींच्याही मागच्या पाळ्या खेळते. त्यामुळे ती जवळजवळ सगळी मॅच आतच असते. बाहेर कधी, तर मिडलवाली स्वतः सर्व्हिस करायला जाते तेवढा वेळ. तेवढंच पाणी प्यायचं, घाम पुसायचा, परत आत.

आता असली बात.

समोरून जोरदार जंप सर्व्हिस येते ती ताशी 80 किलोमीटरच्या आसपास धरा. म्हणजे सेकंदाला 22 मीटर. कोर्टच अख्खं 18 मीटर. पाऊण सेकंद मिळतो. त्यात बॉल कुठे येतोय ते ओळखायचं, तिथे पोचायचं, मनगटं जोडून दोन्ही हातांची सपाट फळी करायची आणि पाव किलोच्या वर वजनाचा तो बॉल असा उचलायचा की तो नेटपाशी उभ्या असलेल्या सेटरच्या डोक्यावर अलगद जाऊन पडेल. सेटर म्हणजे मारणारीला बॉल उचलून देणारी, आपल्याकडे मैदानावर तिला कोणी लिफ्टर म्हणतं कोणी बूस्टर. हात हलवायचे नाहीत बरं का, नवशिका इथेच फसतो, बॉलला हात मारायला जातो. वेग बॉलमधे असतोच, तो फक्त मारायचा असतो, म्हणजे जिरवायचा असतो. आणि ही झाली सोपी सर्व्हिस. अवघड ती फ्लोटर. त्यात बॉल फिरतच नाही, आणि न फिरणारा बॉल हवेत सरळ येत नाही, पतंग गोता खातो तसा शेवटच्या दोन मीटरमधे डावीकडे नाहीतर खाली नाहीतर छातीवर.

मी हे हौशी पातळीवर केलंय म्हणून सांगतो. मी पाच फूट चार, त्यामुळे गल्लीतल्या टीमपासून कॉलेजपर्यंत कायम एकच वाक्य ऐकलं, तू मागे उभा राहा. ते लिबेरो म्हणून नव्हतं हो, अडगळ म्हणून होतं. सिमेंटचं कोर्ट, नेटला तीन ठिकाणी सुतळीच्या गाठी, आणि हिवाळ्यात सकाळी पहिले दहा बॉल घेतले की कोपरापासून मनगटापर्यंत हात असे लाल व्हायचे की कोणी चिमटे काढलेत. त्यात मी शिकलो काय तर बॉल सेटरपर्यंत नाही गेला की स्मॅशर शिव्या सेटरला घालतो, सेटर मला घालतो, आणि बॉल बरोबर गेला की टाळ्या स्मॅशरला. हे जगभर असंच आहे.

पण पास बरोबर जाण्याचा फायदा नक्की काय होतो हे बघण्यासारखं आहे. पास सेटरच्या हातावर अचूक गेला तर सेटरकडे चार रस्ते असतात, मधून झटपट, डावीकडून, उजवीकडून, नाहीतर मागच्या लाइनीतून. समोरच्या ब्लॉकर्सना कळत नाही कुठे धावायचं, आणि मारणारीपुढे बहुतेक वेळा एकच ब्लॉकर उरते. पास दोन-तीन मीटर लांब गेला की सेटर धावत जाते, मधला रस्ता बंदच होतो, मग उरतो तो उंच फुगा, कडेच्या खेळाडूला दिलेला, आणि तोपर्यंत समोर दोन-तीन जणी हात वर करून तयार. तीच मारणारी, तोच हात, पण एका वेळी पॉइंट आणि दुसऱ्या वेळी बॉल तोंडावर परत. फरक पाडला कोणी, तर दोन टच आधी वाकून उभी होती तिने.

यासाठी टीमकडे माणूस बसलेला असतो लॅपटॉप घेऊन, इटलीत त्याला स्काउटमन म्हणतात, तो प्रत्येक टचला खूण देतो. परफेक्ट पासला एक, बऱ्या पासला दुसरी, चुकलेल्याला तिसरी. जगभरच्या टीम यासाठी जे सॉफ्टवेअर वापरतात ते डेटा व्हॉली, ते पण इटालियनच. टीव्हीवर दिसत नाही पण कोच लोक लिबेरोला या आकड्यांवर तोलतात. आणि इथे एक मजेशीर गोष्ट आहे. लिबेरो फारच चांगली असली की तिचे आकडे छोटे होतात! समोरची टीम तिच्याकडे सर्व्हिस टाकतच नाही. ती सरकून सरकून बाजूवालीची अर्धी जागा पण स्वतः घेते, मग सर्व्हिस करणारीला लक्ष्य करायला उरलेला पट्टा अजून अरुंद, मग ती जास्त रिस्क घेते, मग तिची सर्व्हिस नेटमधे. हा पॉइंट कोणाच्या खात्यात जातो? कोणाच्याच नाही. मोकी तिथे नुसती उभी होती.

इटलीच्या टीममधे तर हे अजूनच लागू. त्यांची सगळ्यात मोठी तोफ पाओला एगोनू, पॅरिसची मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर, ती ऑपोझिट म्हणजे सेटरच्या समोरच्या घरातली. ही सर्व्हिस घेतच नाही, तिने फक्त मारायचं. म्हणजे सर्व्हिस घ्यायला उरल्या तिघी, दोन आउटसाइड हिटर म्हणजे कडेने मारणाऱ्या, आणि लिबेरो. 81 चौरस मीटर आणि तिघी. पॅरिसला मिरियम सिल्ला आणि कातेरिना बोझेत्ती आणि मधे मोकी. तिने जागा जास्त खाल्ली की सिल्लाला मारायच्या धावेसाठी वेळ मिळतो.

सर्व्हिसचं झालं, आता स्मॅश. ताशी 90 किलोमीटरचा स्मॅश आणि लिबेरो सात मीटरवर, म्हणजे जेमतेम पाव सेकंदाच्या वर वेळ, आणि माणसाला नुसतं काही दिसून हालचाल सुरू करायलाच त्यातला बहुतेक वेळ जातो. म्हणजे बॉल बघून उचलणं शक्यच नाही. मग ती बघते काय, तर मारणारीचा खांदा, ती कुठल्या बाजूने धावत आली, सेटरने दिलेला बॉल नेटपासून किती लांब आहे, आणि आपले ब्लॉकर कुठे उडालेत. ब्लॉकच्या हातांमुळे मागे एक सावली पडते असं समजा, त्या सावलीत बॉल येऊच शकत नाही, तिथे उभं राहणं म्हणजे फुकट. सावलीच्या कडेला उभं राहायचं. म्हणून रिप्ले बघताना वाटतं की बॉल बरोबर तिच्याकडेच कसा आला, नशीबवान आहे. कबड्डीत चांगला कव्हर असतो ना, रेडर वळायच्या आधीच तो अर्धं पाऊल टाकून बसलेला असतो, तसं.

आणि अगदीच हाताबाहेर गेला बॉल तर पोटावर घसरत जाऊन तळहात जमिनीवर सपाट सरकवायचा, बॉल जमिनीऐवजी हाताच्या पाठीवर पडून दोन फूट उडतो, तेवढा पुरतो. याला इंग्रजीत पॅनकेक म्हणतात, आपण थालीपीठ म्हणू, थापलेलं तसंच दिसतं.

तर ही जागा. आता बाई.

दे जेन्नारो जन्मली 8 जानेवारी 1987 ला, पियानो दि सोर्रेंतोमधे. नेपल्सच्या खाडीच्या काठावरचं गाव आहे. म्हणजे लिबेरोचा नियम आला तेव्हा ही अकरा वर्षांची होती. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण तिची उंची साधारण 1.74 मीटर, म्हणजे पाच फूट साडेआठ इंच. आपल्याला उंच वाटेल पण वरच्या दर्जाच्या व्हॉलीबॉलमधे ही बुटकी धरतात. नियम दहा वर्षं उशिरा आला असता तर ही मुलगी कुठल्यातरी छोट्या लीगमधे खेळून घरी गेली असती बहुतेक.

दक्षिणेतल्या मुलीला व्हॉलीबॉल खेळायचं तर उत्तरेत किंवा मधल्या पट्ट्यात जावं लागतं, क्लबांचा पैसा तिकडे. ही व्हिचेन्झाला गेली, मग पेसारोला, एड्रियाटिक समुद्राच्या काठावर, आणि 2013 ला आली कोनेल्यानोच्या इमोको क्लबला. कोनेल्यानो म्हणजे व्हेनिसच्या वर, प्रोसेक्को वाइनच्या द्राक्षांच्या टेकड्यांचा भाग, क्लब तेव्हा जेमतेम एक वर्षाचा होता, 2012 ला स्थापन झालेला. घरचं मैदान पालाव्हेर्दे, त्रेव्हिझोजवळच्या व्हिलोर्बात. तिथून ती हललीच नाही. सोबत स्टार आल्या आणि गेल्या, एगोनू तीन सीझन खेळून गेली, ही जागेवर.

आणि त्या क्लबने काय धिंगाणा घातलाय. 2016 ला पहिल्यांदा इटलीची लीग, मग 2018, 2019, आणि पुढे पूर्ण झालेली प्रत्येक लीग, 2021 पासून 2025 पर्यंत ओळीने पाच. (2020 ला करोनामुळे कोणालाच दिली नाही.) चॅम्पियन्स लीग 2021, 2024, 2025. क्लबांची वर्ल्ड चॅम्पियनशिप 2019, 2022, 2024. डिसेंबर 2019 ते डिसेंबर 2021 या काळात सलग 76 मॅच जिंकल्या, बायकांच्या क्लब व्हॉलीबॉलमधला तेव्हाचा विक्रम, आधीचा टर्कीच्या वाकिफबँकचा 73 चा होता. 76 मॅच म्हणजे 76 वेळा कोणीही आजारी नाही, कंटाळलेलं नाही, वाईट दिवस नाही असं होत नसतं. वाईट दिवस होतेच, पण वाईट दिवशी स्मॅशर चालत नाही तेव्हा बॉल पडू न देणं एवढंच हातात असतं, आणि ते काम कोणाचं ते आता तुम्हाला कळलंय.

देशासाठी मात्र इतकं सोपं नव्हतं. 2014 ची वर्ल्ड चॅम्पियनशिप इटलीतच होती, टीम चौथी आली, पण बेस्ट लिबेरो दे जेन्नारो. 2016 रिओ ऑलिम्पिक, गटातच बाहेर. 2018 ची वर्ल्ड चॅम्पियनशिप जपानमधे, फायनलला सर्बियाकडून पाचव्या सेटमधे हरले, सिल्व्हर, बेस्ट लिबेरो परत तीच. टोकियो ऑलिम्पिक, क्वार्टरफायनलला परत सर्बिया, सरळ तीन सेट. महिनाभरात त्याच सर्बियाला बेलग्रेडमधे, त्यांच्या घरात जाऊन हरवून युरोपियन चॅम्पियन. असं वर-खाली, वर-खाली.

आणि मग 2023. तेव्हाचे कोच दाविदे मात्सांती यांनी युरोपियन चॅम्पियनशिपला तिला घेतलंच नाही, लिबेरो म्हणून एलेओनोरा फेर्सिनो खेळली. फेर्सिनो चांगली आहे, तिची चूक काही नाही, पण 36 वर्षांच्या खेळाडूला घरी ठेवलं की त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. इटली चौथी आली. पाठोपाठ ऑलिम्पिक क्वालिफायरमधून थेट तिकीट पण नाही मिळालं. फेडरेशनने कोच बदलला आणि हुलिओ व्हेलास्कोंना आणलं. हे मूळचे अर्जेंटिनाचे, सत्तरी ओलांडलेले, ज्यांनी इटलीच्या पुरुषांना 1990 आणि 1994 ला वर्ल्ड चॅम्पियन केलेलं आणि 1996 ला अटलांटात फायनल हरलेले. कारणं सांगण्याच्या सवयीवर त्यांचा भारी राग, तेच त्यांचं आवडतं लेक्चर. त्यांनी आल्यावर मोकीला परत बोलावलं. 2024 ला नेशन्स लीग जिंकली, रँकिंगवर पॅरिस मिळालं, आणि पॅरिसला अख्ख्या स्पर्धेत एकच सेट गमावला, पहिल्याच मॅचला डॉमिनिकन रिपब्लिकविरुद्ध. मला कोणी विचारलं की लिबेरोची किंमत किती तर मी हे दोन उन्हाळे शेजारी शेजारी ठेवेन. मान्य, कोच पण बदलला होता, बाकी पण बरंच बदललं होतं, सगळं श्रेय एकीला देणं म्हणजे चिटिंग होईल. तरीपण.

आता यातला मसाला, जो आईला सगळ्यात जास्त आवडला. मोकीचा नवरा दानिएले सांतारेल्ली. हे साहेब कोनेल्यानोचे कोच, 2017 पासून मुख्य कोच. म्हणजे बायको खेळाडू, नवरा कोच, एकाच क्लबात. व्हॉलीबॉलचं कॅलेंडर असं आहे की ऑक्टोबर ते मे क्लब आणि उन्हाळ्यात देश, आणि कोच लोक उन्हाळ्यात दुसऱ्या देशाची टीम घेऊ शकतात. तर सांतारेल्ली 2022 ला सर्बियाचे कोच झाले आणि त्याच वर्षी सर्बियाला वर्ल्ड चॅम्पियन केलं. त्याच स्पर्धेत बायकोच्या टीमला ब्रॉन्झ. पुढच्या वर्षी ते टर्कीला गेले आणि 2023 ची युरोपियन चॅम्पियनशिप टर्कीने जिंकली, वाटेत सेमीफायनलला इटलीला हरवून, म्हणजे ज्या इटलीत बायकोला घेतलं नव्हतं त्या इटलीला. मग 2024, पॅरिस, सेमीफायनल, इटली विरुद्ध टर्की, बायको आत, नवरा समोरच्या बेंचसमोर उभा, आणि इटली तीन-शून्य.

विचार करा ना, वर्षातले आठ महिने हा माणूस तिला रोज बघतो, तिला कुठली सर्व्हिस जड जाते, थकल्यावर कुठल्या बाजूला उशीर होतो, हे जगात त्याच्याइतकं कोणालाच माहीत नाही. आणि तिलाही माहीत की टाइमआउटमधे तो आता सर्व्हिस करणारीला काय सांगत असेल. मग दोघांनाही माहीत की दुसऱ्याला माहीत आहे. संसारात हे आपल्या सगळ्यांचंच होतं म्हणा, फक्त त्यावर कोणी स्कोअर लावत नाही.

2024-25 च्या सीझनला या जोडीने कोनेल्यानोसाठी पाचच्या पाच ट्रॉफ्या उचलल्या, शेवटची मे महिन्यात इस्तंबूलला चॅम्पियन्स लीग. आणि चार महिन्यांनी, 7 सप्टेंबर 2025, बँकॉक, वर्ल्ड चॅम्पियनशिपची फायनल: इटली विरुद्ध टर्की. तोपर्यंत इटली वर्षभराहून जास्त काळ एकही मॅच हरलेली नव्हती. सेमीफायनलला ब्राझीलने पाचव्या सेटपर्यंत दमवलेलं, आणि टर्कीकडे मेलिसा व्हार्गास, क्युबात जन्मलेली, जिची सर्व्हिस म्हणजे तोंडावर फेकलेली वीट.

यावेळी आई स्वतःहून येऊन बसली. पहिला सेट इटली 25-23. दुसऱ्यात टर्कीने 25-13 असा चुराडा केला. तिसरा 26-24 इटली, चौथा 25-19 टर्की. मी आईला सांगितलेलं की बॉल बघू नको, फक्त तिला बघ, बॉल पलीकडे असताना पण तिलाच बघ. आणि खरंच करून बघा हे कधी, पहिली पाच मिनिटं काही कळत नाही, डोळा सारखा बॉलकडे पळतो, मग हळूहळू दिसायला लागतं. ती एका जागी कधीच उभी नसते. बॉल समोरच्या सेटरच्या हातात असताना अर्धं पाऊल डावीकडे. सेटरने बॉल सोडला की एक पाऊल मागे. मारणारी हवेत गेली की एकदम स्थिर, गुडघे वाकलेले, वजन पुढच्या चवड्यावर. बॉल दुसरीकडेच गेला तर परत तेच पहिल्यापासून. सेटरला धावून पहिला बॉल उचलावा लागला की लगेच ही सेटरच्या कामाला, लाइनीच्या मागून. स्मॅश मारायला सिल्ला उडाली की ही तिच्या खाली जाऊन बसते, ब्लॉकवरून बॉल परत आला तर उचलायला, आणि दहापैकी बऱ्याच वेळा तो येतच नाही, म्हणजे ही धावली ते वायाच. आई चौथ्या सेटच्या मधे म्हणाली, "ही तर सारखी केर काढतेय रे." मी हसलो, पण याच्यापेक्षा चांगली व्याख्या मला अजून सुचलेली नाही.

पाचवा सेट 15-8 इटली. 2002 नंतरचं पहिलं वर्ल्ड टायटल, एकूण दुसरं. मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर सेटर अलेसिया ऑर्रो, आणि सेटरला ते मिळतं तेव्हा पास कुठून आले तेही बघावं. बेस्ट लिबेरो दे जेन्नारो, 2014 ला पहिल्यांदा आणि 2025 ला तिसऱ्यांदा, मधे 11 वर्षं. वय 38. देशासाठीची ती तिची शेवटची मॅच होती, त्यानंतर तिने नॅशनल टीम सोडली, क्लब नाही सोडला.

आईला तिच्या निवृत्तीत फारसा इंटरेस्ट नव्हता. ती मेडल देताना कॅमेरा नवऱ्यावर जातोय का ते बघत होती.

"आता घरी गेल्यावर बोलतील का रे ही दोघं?"

म्हटलं, आई, महिनाभरात क्लबचा सीझन सुरू होतो, पालाव्हेर्देत तो परत साइड लाइनला उभा राहून हिला सांगणार, अर्धं पाऊल डावीकडे.

"ती ऐकणार थोडीच," आई म्हणाली आणि उठून गेली.